बिनमिठाची मासोळी

धरणाच्या पाळीखाली भोयांची मोजकी घरं आहेत आणि त्यातलं अगदी टोकाचं तानुबाईचं. मेहकरकडून आलेल्या पाहुण्याने तिचं घर विचारलं तर लोक पत्ता सांगत बसत नाहीत. धूर दिसेल तिकडे जा, म्हणतात. आणि धूर दिसतोच. चुलीचा धूर उठतो, थोडा डोळ्यांत जातो आणि निघून जातो. मासोळीचा धूर मात्र मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा दिवसभर अंगणात बसून राहतो.

बाई साठीच्या पुढची. अंगाने वाळकी, जिभेने तिखट. नवरा कडूबा जाळं टाकायचा तेव्हापासून मासोळी धुरवण्याचं, म्हणजे धुरावर सुकवण्याचं, काम तिच्याकडे. कडूबा गेला, जाळं कुणीतरी नेलं, पण काम राहिलं. आता धरणावरच्या नावा सकाळी काठाला लागल्या की ती टोपली घेऊन जाते, एकेक मासोळी दाबून बघते, कल्ला उचलून आतला लाल रंग तपासते आणि नापसंत मासोळी परत टाकताना असं तोंड करते की नाववाल्यालाच लाज वाटावी. त्यांना हे आवडत नाही. पण तिच्याशी वाद घालायची कुणाची टाप नाही.

अंगणात गुडघाभर खोल खड्डा आहे, त्यावर तुराट्यांचा ताटवा. मासोळी पाठीकडून चिरायची, पोट साफ करायचं, मीठ-हळद चोळायची, पाणी निथळेपर्यंत वाऱ्यावर टांगायची आणि मग ताटव्यावर मांडून वरून ओलं बारदान टाकायचं. खाली गोवऱ्या आणि पळसाची अर्धवट ओली लाकडं. जाळ उठू द्यायचा नाही, हे सगळ्यात अवघड. जाळ उठला की मासोळी वरून कोळसा आणि आतून कच्ची. मग ती कडूही लागते आणि पोटही बिघडवते. म्हणून तानुबाई दिवसभर खड्ड्यापाशी बसलेली. जाळाने डोकं वर काढलं की पाण्याचा हबका. तिचे डोळे कायमचे लाल झाले आहेत ते यामुळे. लोकांना वाटतं बाई रडली.

बाजारात तिच्याकडून मासोळी घेणाऱ्याला सोबत एक भाषणही मिळतं, त्याला हवं असो वा नसो. गरम पाण्यात भिजू द्या, मग मोठा काटा अलगद निघतो. वांग्यात घालायची तर वांगी अर्धी शिजल्यावर घाला, आधी घातली तर तिचा भुगा होईल. अंबाडीच्या भाजीत झिंगे टाका, आंबटपणा आणि धूर एकमेकांना धरून राहतात. काहीच नसलं घरात, तर विस्तवावर शेकून लसूण आणि लाल मिरचीबरोबर कुटा, भाकरीला दुसरं काही लागत नाही. मोलमजुरीची माणसं तिची मासोळी आवडीने नेत, कारण मूठभर मासोळीत सबंध घराची भाजी होई आणि मडक्यात ठेवली तर महिनोन् महिने टिके. आजाऱ्यासाठी, बाळंतिणीसाठी कुणी मागितली तर ती आतून मरळ, कमी काट्यांची मासोळी, काढून देई. ती सगळ्यांसाठी नसे.

तर अशी ही तानुबाई, आणि तिची एकुलती एक पोरगी पुष्पांजली. भोयाच्या घरात एवढं लांबलचक नाव त्याआधी कुणी ठेवलेलं नव्हतं. कडूबाने कुठेतरी ऐकलं आणि हट्टाने ठेवलं. मात्र त्याला स्वतःला ते कधी धड म्हणता आलं नाही, तो मरेपर्यंत तिला पुष्पीच म्हणत राहिला. पोरगी बारावीपर्यंत शिकली. मग मलकापूरच्या राजकुमारशी लग्न झालं. तीही भोयांचीच मंडळी, पण त्यांचं पाण्याशी नातं दोन पिढ्यांपूर्वीच तुटलेलं. राजकुमार कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर आहे, पक्कं घर आहे, दारात नळ आहे. तानुबाईला जावई पसंत होता. मलकापूर लांब होतं तेवढंच.

पावसाळ्याच्या शेवटी पुष्पांजलीला सहावा महिना लागल्याचं कळलं, आणि तानुबाईच्या एकट्या घरात एकदम कामं निघाली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कुणी सांगायला लागतं? तिने भिंती सारवल्या. बाज नव्याने विणून घेतली. बाजेखाली ठेवायची शेगडी शोधून काढली, तिला माती लावली. जुन्या लुगड्यांच्या घड्या करून बाळाच्या दुपट्यांसाठी वेगळ्या ठेवल्या. कितीतरी वर्षांनी त्या घरात कुणीतरी राहायला येणार होतं, आणि बाई दिवसभर स्वतःशीच बोलत होती.

मग फोन आला. डॉक्टरने तपासलं होतं. रक्त कमी आहे, पाय सुजतात, बीपी थोडं वर आहे, मीठ कमी करा म्हणाले. तानुबाईने यातल्या दोनच गोष्टी धरल्या: रक्त कमी, आणि मीठ बंद. दुसऱ्याच दिवशी ती उपकेंद्रातल्या करिष्मा सिस्टरकडे जाऊन उभी राहिली.

"पोरीले मासोळी चालन का नाही, तेवढं सांगा," ती म्हणाली.

"चांगली चालते, मावशी," सिस्टर म्हणाली. "बाळाचं अंग मासोळीनं भरते. बारीक मासोळी काट्यासकट चावून खाल्ली तं हाडाले कॅल्शियम भेटते. रक्तालेही मदत होते, वरून लिंबू पिळत जा. पण गोळ्या बंद नाही करायच्या. मासोळी काही गोळीच्या जागी नाही."

"आन धुरावरची?"

"तुमची धुरावरची म्हणजे मिठाची पोतडी. थे नाही. सूज वाढन तिची."

घरी येताना तानुबाईचं ठरलं होतं. बिनमिठाची धुरवायची.

हे ऐकायला सोपं वाटतं. धुरावर मासोळी टिकते ती अर्धी मिठाच्या जोरावर. मीठ काढलं की दुप्पट वेळ धूर द्यावा लागतो, पार काष्ठासारखी कोरडी होईपर्यंत. आणि एवढं करूनही तेव्हाच्या दमट हवेत ती आठवड्याच्या वर टिकत नाही. मग पांढरी बुरशी धरते. म्हणजे पोरगी येईल तेव्हा घरात ताजी मासोळी हवी असेल, तर दर आठवड्याला नवी धुरवायला हवी. तानुबाई धुरवू लागली. मरळ, आणि काट्यासकट खाता येईल अशी बारीक मासोळी. अंगणातला धूर आता दुप्पट झाला. गावाच्या वाटेवरून जाणारे नाकाला रुमाल लावत जात, आणि ती कौतुकाने सांगे, "पोरगी येऊन राह्यली ना माही, बाळंतपणाले."

पोरगी काही येत नव्हती. दर आठवड्याला फोन येई, आणि दर आठवड्याला ती म्हणे, "पाहू ना माय, पुढच्या आठवड्यात." कधी डॉक्टरची तारीख असे, कधी राजकुमारची पाळी बदललेली असे. आणि ठेवलेली मासोळी जुनी होई. टाकून द्यायचं तानुबाईच्या जिवावर येई, म्हणून बुरशी धरायच्या आत ती स्वतःच खाई. रोज तेच, मरळीचा अळणी रस्सा आणि भाकर, बाळंतिणीचं जेवण, एकटीने, दारात बसून. गावातली विमलबाई एकदा मासोळी न्यायला आली, तिने ते ताट पाहिलं आणि म्हणाली, "काव तानुबाई, तुलेच दिवस गेले का?" दोघी हसल्या. विमलबाई गेल्यावर मात्र तानुबाईने ताट बाजूला सारलं.

अशा वेळी माणूस दोष द्यायला कुणीतरी शोधतो, आणि विहीण त्यासाठी आयतीच असते. पोरीची सासू मंजुळाबाईच तिला धाडत नाही, हे तानुबाईच्या मनाने घेतलं. मग ती ते बाजारात बोलली, नाववाल्यांना बोलली, सिस्टरलाही बोलली. पक्क्या घराचा माज आहे म्हणाली. नळाचं पाणी डोक्यात गेलं म्हणाली. बोलून बोलून तिलाच ते इतकं खरं वाटायला लागलं, की आठवा महिना लागला तेव्हा तिने ताज्या मासोळीचा डबा भरला, फडक्यात बांधला आणि विहिणीशी दोन हात करायला मलकापूरची एसटी धरली.

बसमध्ये शेजारी बसलेली बाई चिखलीच्या आधीच उठून मागच्या सीटवर गेली. कुणीतरी खिडकी उघडली. तानुबाईला याचं काही वाटलं नाही. बसमध्ये लोकांना कशाचाही वास येतो. ती घाट उतरेपर्यंत मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होती. काय बोलायचं, कुठे थांबायचं, पोरीचा हात धरून कधी उठायचं, सगळं ठरलं होतं.

मंजुळाबाईने दारातच पाय धुवायला पाणी दिलं. "या इहीनबाई, बसा. पुष्पा तपासणीले गेली राजकुमारसंगं, येतच असन." तिने चहा टाकला. तिने चहा टाकलेला तानुबाईला आवडला नाही. चहा पिऊन भांडायचं म्हणजे अवघड. म्हणून तिने कप तसाच ठेवला आणि सुरू केलं.

"माह्या पोरीले काऊन धाडत नाही तुमी? पयलं बाळंतपन माहेरीच असते. आमी गरीब असू, पन आमच्या घरी बाज नाही का शेगडी नाही? मी दोन महिन्यांपासून वाट पाहून राह्यली."

मंजुळाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग ती जवळ येऊन खाली बसली.

"मी कवाची म्हणून राह्यली तिले, जाय म्हणून," ती म्हणाली. "पिशवी भरून देल्ली होती एकडाव. थेच नाही म्हणते."

"थे काऊन नाही म्हणन?"

"धुराचा तरास होते म्हणते." मंजुळाबाई जरा अडखळली. "शाळेत पोरी जवळ नव्हत्या बसत म्हणे तिच्या. वासानं. तुमाले ठाऊक असन ना इहीनबाई. मले वाटलं, ठाऊक असन."

तानुबाईला ठाऊक नव्हतं.

मंजुळाबाईने काही टोचून म्हटलं नव्हतं. उलट आपण काहीतरी भलतंच बोलून बसलो हे तिच्या लक्षात आलं, आणि ती चहा गरम करायच्या निमित्ताने आत गेली. तानुबाई एकटीच बसून राहिली. शाळेत असताना पुष्पी आपला शाळेचा ड्रेस विमलबाईकडे ठेवायची, ते तिला आठवलं. घरातून साध्या कपड्यांत निघायची, तिथे ड्रेस घालायची. त्यांच्याकडे इस्त्री आहे, म्हणायची. पहाटे उठून धरणाच्या गार पाण्याने केस धुवायची, हिवाळ्यातसुद्धा, आणि तानुबाईला पोरीच्या टापटिपीचं कोण कौतुक. म्हणजे विमलबाईला माहीत होतं. शाळेला माहीत होतं, मलकापूरला माहीत होतं. जिच्या अंगणात खड्डा, तेवढी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

तिने पदराचं टोक नाकाशी नेलं आणि जोरात श्वास घेतला. तिला वास आला नाही. पुन्हा घेतला. धुतलेल्या लुगड्याचा येतो तेवढाच वास होता. इतक्या वर्षांत तिच्या नाकाला तो धूर कळेनासाच झाला होता, आणि हे तिला त्या क्षणापर्यंत कधी जाणवलं नव्हतं. आपण या घरात, या गादीवर, आत्ता तो वास घेऊन बसलो आहोत हे लक्षात आल्यावर ती गादीवरून उतरून फरशीवर बसली. तिला फार लाज वाटली. राग यायला हवा होता, तो कुठे गेला ते कळेना.

पुष्पांजली आली ती हसतच आली. पोट चांगलं दिसत होतं, चेहऱ्यावर तेज होतं, पाय मात्र सुजलेले. "माय, तू कवा आली?" म्हणत ती धरून धरून खाली बसली आणि पहिला प्रश्न विचारला तो हा: "मासोळी आणली?"

"आणली ना," तानुबाई म्हणाली. "बिनमिठाची आहे."

मंजुळाबाईने स्वयंपाक केला. तानुबाईने उठून मदत करायला हवी होती, पण ती जागची हलली नाही. बसल्या जागेवरून पाहत राहिली. विहिणीने मासोळी गरम पाण्यात भिजवली, काळी साल चाकूने खरवडून काढली, काटा अलगद ओढला. कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर भाजून वाटलं, त्यात भाजलेलं जवस घातलं. मीठ नाही म्हणून चिंचेचा कोळ जरा सैल हाताने, आणि वरून लिंबू. बारीक मासोळी तेवढी तव्यावर लसणाबरोबर कुरकुरीत केली. काही चुकत नव्हतं. एखादी गोष्ट चुकली असती तर तानुबाईला बरं वाटलं असतं.

आणि पुष्पांजली जेवली. काय जेवली. रश्श्यात भाकर कुस्करून, काटे चोखून, बारीक मासोळी कराकरा चावून. दुसऱ्यांदा वाढून घेतलं, मग वाटी पुसून घेतली. "आई," ती सासूला म्हणाली, "हिच्या हातच्या मासोळीसारखी मासोळी अख्ख्या मलकापुरात भेटत नाही." तानुबाईला एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या. पोर तिच्या हातचं खात होती, पोटातलं बाळ तिच्या हातचं खात होतं, याचा तिला आनंद झाला, अगदी डोळे भरून येतील इतका. आणि ज्या धुराला ही पोर घाबरते, तोच धूर ती मिटक्या मारत खाते आहे, हे बघून तिला कुणीतरी घराबाहेर काढल्यासारखं वाटलं. पण पोर जेवत असताना हे बोलायचं नसतं. ती म्हणाली, "हळू खाय. काटा पाह्य."

राजकुमार पुष्पांजलीला दारात सोडून परस्परच पाळीवर गेला होता; दुपारी मंजुळाबाई शेजारी गेली. दोघी मायलेकीच होत्या. पुष्पांजली आडवी झाली होती, तानुबाई तिच्या पायांना तेल लावत होती. सुजलेल्या पायावर बोट दाबलं की खळगा पडे आणि हळूहळू भरून येई. विचारू नये असं ठरवूनही तिने आडून विचारलं.

"पुष्पे, मी म्हणून राह्यली होती, खड्डा बुजवून टाकाव आता. वय झालं. डोयाले सोसत नाही धूर."

अख्ख्या आयुष्यात ही गोष्ट तिने कुणापाशी काढली नव्हती. बुजव म्हणाली असती पोर, तर तिने त्याच संध्याकाळी जाऊन बुजवला असता. मातीच टाकायची होती. घर पुन्हा सारवलं असतं, लुगडी धुतली असती, बाज उन्हात घातली असती, आणि मग ये म्हणाली असती.

पुष्पांजलीने डोळे उघडले. "काऊन बुजवतं?" ती म्हणाली. "मंग मले मासोळी कुठून भेटन?"

तानुबाईने वाटीतलं तेल पुन्हा बोटांवर घेतलं.

"आता तं जास्तच लागन, बाळंतपणात," पोरगी झोपेच्या सुरात बोलत होती. "दर आठवड्याले लागन. पन तू नोको येऊ एवढ्या दूर, माय. घाटात तुले मळमळते. एसटीत देजो ना ठेवून कंडक्टरजवळ. राजकुमार स्टँडवर येऊन घेऊन घेईन."

"हाव," तानुबाई म्हणाली.

"मी येईन ना मंग. बाळ मोठं झालं की."

"हाव."

पोरीचा डोळा लागला. किती वेळ तरी तानुबाई तेल लावत राहिली, तेल संपलं तरी. तिला पोरीचा राग येत नव्हता. पोर खोटं बोलली नव्हती, वाईट बोलली नव्हती. आईला प्रवासाचा त्रास नको एवढंच म्हणाली होती. तिला एकटं वाटत होतं. कडूबा गेला तेव्हाही एवढं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा घरात पुष्पी होती. आज पुष्पी जिवंत, समोर, हाताखाली होती, आणि तरी वाटत होतं. संध्याकाळच्या गाडीने ती परत निघाली. मंजुळाबाईने राहायचा आग्रह केला, लुगडं दिलं. तानुबाईने ते पिशवीत अगदी खाली ठेवलं आणि विहिणीचा हात क्षणभर धरून ठेवला. गावात आता ती मंजुळाबाईविषयी काही बोलत नाही. कुणी विचारलंच, तर तिकडे दवाखाना जवळ आहे म्हणते.

पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा बिनमिठाची मरळ धुरवली. दिवसभर जाळ दाबत बसली. काळी साल यावेळी तिनेच खरवडून काढली, डब्यात लिंबं ठेवली, फडकं दोन वेळा गुंडाळलं, वरून प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली, म्हणजे गाडीतल्या लोकांना त्रास नको. मेहकरच्या स्टँडवर मलकापूरची गाडी लागली तेव्हा कंडक्टर ओळखीचाच निघाला. त्याने डबा आपल्या सीटखाली सरकवला, नाव विचारलं, फोन नंबर घेतला. दार लावता लावता त्याने खाली उभ्या असलेल्या तानुबाईकडे पाहिलं.

"मावशी, तुमी नाही येऊन राह्यल्या?"

"नाही बापू," ती म्हणाली. "तिथं मासोळीचंच काम आहे."